डीमार्टला रोजच स्वस्त विकणं परवडतं तरी कसं?

डीमार्टमध्ये सेल कधी लागणार असं कुणी विचारत नाही. ऑफर-बिफर असतात थोड्याफार, पण त्यासाठी कुणी महिनाभर थांबत नाही, कारण शेल्फच्या कडेला लावलेल्या पट्टीवर बाराही महिने दोन आकडे असतात, एक एमआरपी आणि एक डीमार्टचा भाव, आणि दुसरा बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा कमीच असतो. पगार झाल्यावरच्या पहिल्या रविवारी ट्रॉली मिळायची मारामार, बिलिंगची रांग पार मसाल्यांच्या रॅकपर्यंत गेलेली, बाहेर गाडी लावायला जागा नाही, आणि तरी लोक येतच राहतात. मग प्रश्न पडतो की वर्षभर स्वस्त विकायचं आणि शेवटी अडीच हजार कोटींच्या वर नफाही काढायचा, हे गणित बसतं कसं?

ठरलेलं उत्तर असतं, "घाऊक उचलतात ना, म्हणून स्वस्त पडतं." हे खरं आहे पण तेवढ्याने भागत नाही. घाऊक तर बिग बझारही उचलायचा, चेन्नईची सुभिक्षा ही दुकानांची चेनही उचलायची, आणि दोघंही पुढे बुडाले हे सगळ्यांनी पाहिलंय. माझ्या मते डीमार्टची खरी ताकद दुकानात फिरताना दिसत नाही, ती पैसा कुठे अडकवायचा आणि कुठे अजिबात अडकू द्यायचा नाही या दोन-तीन निर्णयांमध्ये आहे, आणि ते निर्णय त्यांनी वीस-बावीस वर्षं फारसे हलवले नाहीत. तेच जरा उलगडून सांगतो.

आधी शंभर रुपयांचा हिशोब बघू. डीमार्ट चालवणाऱ्या कंपनीचं नाव अव्हेन्यू सुपरमार्ट्स. २०२४-२५ या वर्षात तिची एकूण विक्री ५९,३५८ कोटी रुपये झाली आणि सगळं वजा जाऊन उरलेला नफा २,७०७ कोटी. म्हणजे तुम्ही काउंटरवर शंभर रुपये दिलेत तर कंपनीच्या हातात शेवटी साडेचार रुपये राहतात. शंभरातले पंच्याऐंशीच्या आसपास तर माल बनवणाऱ्या कंपनीला आणि व्यापाऱ्यालाच जातात. उरले पंधरा. त्यात कामगारांचे पगार, एसी आणि दिव्यांचं वीजबिल, गोडाऊनमधून येणाऱ्या ट्रकचं डिझेल, सिक्युरिटी, साफसफाई, कॉम्प्युटर, तुटलेली-फुटलेली बरणी, चोरीला गेलेला शॅम्पू, हे सगळं धरून सात-साडेसात रुपये जातात. मग इमारती आणि रॅकचा घसारा दीड रुपया, टॅक्स दीड-पावणेदोन, थोडंफार व्याज, आणि शेवटी हातात साडेचार.

आता यातलं कुठलंही एक खातं दोन-तीन रुपयांनी वाढवून बघा, सगळा धंदाच डळमळतो. किराणा विकणं हा जगभर असाच चिमटीएवढ्या मार्जिनचा धंदा आहे, इथे नफा कमावायचा तर खर्चातून पैसा-पैसा खरवडून काढावा लागतो. आणि डीमार्टने सगळ्यात मोठा खरवडून काढलेला खर्च म्हणजे भाडं.

वरच्या हिशोबात भाड्याचा आकडा जवळजवळ दिसतच नाही, लक्षात आलं का? डीमार्टची बहुतेक दुकानं स्वतःच्या मालकीच्या जागेत आहेत, किंवा तीस-तीस वर्षांच्या लांब लीजवर, म्हणजे व्यवहारात मालकीसारखीच. समजा हीच दुकानं भाड्याने घेतली असती आणि विक्रीतले फक्त चार टक्के भाड्यात गेले असते, तर शंभरातले चार रुपये तिथेच संपले असते आणि साडेचार रुपयांचा नफा जवळजवळ साफ झाला असता. मग एक तर भाव वाढवा नाहीतर तोटा सोसा. त्यात कमर्शियल जागेच्या करारात बहुतेक वेळा दर तीन वर्षांनी पंधरा टक्के वाढीचं कलम असतं, विक्री वाढो न वाढो घरमालकाचा आकडा वाढणारच, आणि दुकान चांगलं चालायला लागलं की करार संपताना तो अजून मागणार. स्वतःच्या जागेत हा ताप नाही. पवईचं पहिलं दुकान २००२ मध्ये सुरू झालं, त्यानंतर पवईत जागांचे भाव कुठल्या कुठे गेले, आजूबाजूच्या भाड्याच्या दुकानदारांना ते दर काही वर्षांनी टोचले असणार, डीमार्टसाठी मात्र परिसर महाग होणं म्हणजे आपल्याच मालमत्तेची किंमत वाढणं.

म्हणूनच डीमार्ट मॉलमध्ये सहसा दिसत नाही. ते आपली स्वतंत्र इमारत बांधतात, बऱ्याचदा शहर जिकडे वाढतंय त्या बाजूला, कल्याण, पनवेल, हिंजवडी, बाणेर अशा ठिकाणी, जिथे नवीन सोसायट्या उभ्या राहतायत, कर्ज काढून फ्लॅट घेतलेली कुटुंबं आहेत आणि महिन्याच्या वाणसामानात चारशे-पाचशे रुपये वाचणं ही त्यांच्यासाठी खरोखर मोठी गोष्ट आहे. दुकानात सजावट जवळपास शून्य. छतापर्यंत लोखंडी रॅक, वरच्या फळ्यांवर खोके रचलेले, म्हणजे गोडाऊनचं थोडं काम दुकानातच होतं, खालचा माल संपला की वरचा खोका खाली, कटरने फाडायचा आणि पाकिटं मांडायची. दोन रॅकच्या मधल्या बोळात दोन ट्रॉल्या आल्या की एकाला थांबावं लागतं. हे गैरसोयीचं आहे, पण प्रत्येक चौरस फुटाने कमाई करायची म्हटल्यावर मोकळी जागा कशी सोडणार?

या पद्धतीची किंमत मात्र जबर आहे. जमीन शोधायची, सात-बारा आणि टायटल तपासायचं, परवानग्या, बांधकाम, यात वर्षं जातात, आणि पैसा तर प्रचंड लागतो. अलीकडे वर्षाला पन्नासेक दुकानं उघडायची तर तीन हजार कोटींच्या घरात खर्च येतो. भाड्याने घेतलं असतं तर तेवढ्याच पैशांत कितीतरी जास्त दुकानं थाटता आली असती. मग हा हट्ट कुणाला परवडतो? ज्याला घाई नाही आणि ज्याच्याकडे स्वतःचा पैसा आहे त्याला. इथे राधाकिशन दमानी येतात.

दमानी मूळचे शेअर बाजारातले. नव्वदच्या दशकात दलाल स्ट्रीटवर त्यांचं नाव मोठं होतं, ट्रेडिंग आणि नंतर लांब पल्ल्याची गुंतवणूक करून त्यांनी पैसा कमावला होता. किराणा त्यांच्या घरचा धंदा नव्हता. १९९९ च्या सुमारास त्यांनी नवी मुंबईत नेरुळला अपना बाजारची फ्रँचायझी घेतली. अपना बाजार म्हणजे १९४८ मध्ये नायगावात कामगारांच्या सहकारातून उभं राहिलेलं ग्राहक भांडार, मुंबईतल्या कितीतरी घरांचा महिन्याचा बाजार तिथून यायचा. म्हणजे डीमार्टची उमेदवारी एका मराठी कामगारांच्या सहकारी भांडारात झाली असं म्हटलं तर चूक नाही, आणि ही गोष्ट आपल्याकडे फार कमी सांगितली जाते याचं मला वाईट वाटतं. आपण एकत्र येऊन घाऊक घ्यावं, मधले हात कमी करावेत आणि रोख पैसे द्यावेत ही कल्पना इथे जुनीच आहे, मुंबई ग्राहक पंचायत तर १९७५ पासून सभासदांचे गट करून दुकानाशिवाय महिन्याचं सामान पोचवत आली आहे. दमानींनी त्याला भांडवल आणि कमालीचा संयम जोडला.

२००० मध्ये कंपनी नोंदवली, २००२ मध्ये पवई. आणि मग, गंमत म्हणजे, कित्येक वर्षं फार काही घडल्यासारखं दिसत नाही. २००४ मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हरमधून नेव्हिल नोरोन्हा आले, २००७ पासून तेच सीईओ झाले. याच काळात देशात रिटेलची लाट आली होती, रिलायन्स फ्रेश आलं, बिर्लांचं मोअर आलं, जो तो शेकड्यांनी दुकानं उघडत होता, आणि डीमार्टवाले महाराष्ट्र-गुजरातमध्ये मोजकी दुकानं चालवत बसले होते. मार्च २०१७ ला शेअर बाजारात लिस्ट झाले तेव्हा, म्हणजे पहिल्या दुकानानंतर पंधरा वर्षांनी, त्यांच्याकडे १३१ दुकानं होती. मार्च २०२५ ला ४१५. पंधरा वर्षांत १३१ आणि पुढच्या आठ वर्षांत २८४. आधी एक साचा पक्का केला आणि मग तो छापायला घेतला.

सुभिक्षाचं बरोबर उलटं झालं. १९९७ ला चेन्नईत सुरू झालेली ही चेन तामिळनाडूत छान चालली होती, मग दोन-तीन वर्षांत देशभर पसरली, २००८ पर्यंत सुमारे १,६०० दुकानं, जवळजवळ सगळी भाड्याची आणि वाढ कर्जावर. २००८ च्या मंदीत नवं कर्ज मिळेना, रोकड संपली आणि २००९ च्या सुरुवातीला सगळं ठप्प. पगार थकले, भाडी थकली, पुरवठादारांनी माल बंद केला, रॅक रिकामे पडले. बिग बझारचं दुखणं जास्त गुंतागुंतीचं होतं पण शेवटी गाठ तिथेच येते. बिग बझार चालवणाऱ्या फ्युचर ग्रुपवर कर्जाचा डोंगर होता, ऑगस्ट २०२० मध्ये २४,७१३ कोटींना धंदा रिलायन्सला विकायचं ठरलं, अ‍ॅमेझॉनने त्याला कोर्टात आव्हान दिलं, आणि हे भांडण चालू असतानाच भाडी थकल्यामुळे कितीतरी दुकानांचे करार रिलायन्सने आपल्या नावावर घेतले होते. २०२२ च्या सुरुवातीला रिलायन्सने ती दुकानं ताब्यात घ्यायला सुरुवात केली आणि वीस वर्षांत घडवलेला ब्रँड काही आठवड्यांत रस्त्यावर आला, जुलै २०२२ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. दुकान दुसऱ्याच्या जागेत असणं म्हणजे काय, याचं यापेक्षा कडू उदाहरण मला माहीत नाही.

आता दुसरा निर्णय, आणि मला विचाराल तर हा पहिल्याइतकाच हुशारीचा आहे. पुरवठादाराला पैसे कधी द्यायचे?

मोठ्या रिटेलरची नेहमीची युक्ती अशी असते की माल उधारीवर घ्यायचा, महिना-दीड महिना पैसे द्यायचे नाहीत, तोवर माल विकून पैसा गल्ल्यात येतो आणि दुसऱ्याच्याच पैशांवर धंदा चालतो. कागदावर हे फार छान दिसतं. डीमार्ट मात्र सरासरी आठवडाभरात पैसे मोकळे करतं. त्यांचा माल विकला जायला साधारण महिना-सव्वा महिना लागतो, म्हणजे मधले तीन-चार आठवडे ते स्वतःचे पैसे घालून बसतात. वरवर पाहिलं तर हा वेडेपणा वाटेल.

पण आकडे घालून बघू. समजा साबण बनवणाऱ्या कंपनीचं एक लाखाचं बिल आहे. महिन्याने पैसे द्यायचे तर पूर्ण लाख, आठवड्यात द्यायचे तर दीड टक्का सूट, म्हणजे ९८,५०० रुपये. तीन आठवडे आधी पैसे दिल्याबद्दल १,५०० रुपये सुटले. वाटायला किरकोळ. पण वर्षात असे तीन-तीन आठवड्यांचे सतराएक फेरे होतात, सतरा गुणिले दीड हजार म्हणजे पंचवीस हजारांच्या वर, एक लाखावर पंचवीस टक्के! बँकेत पैसे ठेवून सहा-सात टक्के मिळतात, बँकेतून कर्ज काढलं तरी नऊ-दहा टक्क्यांत भागतं. म्हणजे रोख देऊन सूट घेणं हीच त्यांची सगळ्यात चांगली गुंतवणूक ठरते. दीड टक्का हा आकडा मी समजण्यापुरता घेतलाय, खरी सूट मालागणिक आणि कंपनीगणिक वेगळी असणार, पण साडेचार रुपयांच्या नफ्यात दीड रुपया म्हणजे तिसरा हिस्सा, एवढं लक्षात घेतलं तरी पुरे.

आणि याचा दुसरा फायदा हिशोबाच्या वहीत दिसत नाही. दिवाळीच्या आधी तेल आणि सुकामेव्याची टंचाई झाली की पुरवठादार माल आधी कुणाला देईल? जो आठवड्यात पैसे देतो त्याला. छोटा मसालेवाला, फरसाणवाला, प्लास्टिकच्या डब्यांचा कारखानदार, यांचा जीव तर उधारीतच जातो, विक्री होते पण पैसे येत नाहीत म्हणून किती कारखाने बंद पडलेत. अशा माणसाला वेळेवर पैसे मिळाले तर तो भाव आपणहून कमी करतो. ही एक गोष्ट बाकी मोठ्या कंपन्यांनी उचलली तरी आपल्या लघुउद्योगांचं केवढं भलं होईल.

तिसरी गोष्ट म्हणजे माल फिरण्याचा वेग. शंभर रुपयांवर पंधरा रुपये मार्जिन कमी वाटतं, पण तेच पैसे वर्षात दहा-बारा वेळा फिरले तर चित्र बदलतं. हातगाडीवरचा भाजीवाला सकाळी दोन हजारांची भाजी आणतो, रात्रीपर्यंत अडीच हजार करतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच दोन हजारांवर पुन्हा पाचशे कमावतो, तसंच हे. त्यामुळे डीमार्टमध्ये निवड मुद्दाम मर्यादित असते. टूथपेस्टचे जगातले सगळे प्रकार तुम्हाला तिथे मिळणार नाहीत, जे भराभर खपतात तेच मिळतील. जो माल हलत नाही तो रॅकवरून जातो. कुणाची आवडती वस्तू एखाद दिवशी गायब होते त्याचं कारण बहुतेक हेच.

डाळी, तांदूळ, रवा, मसाले, सुकामेवा यांची गोष्ट मात्र थोडी वेगळी, कारण साबण-बिस्किटांवर एमआरपी कंपनी छापते आणि ग्राहक चार दुकानांत तोच पुडा तोलून बघू शकतो, सुट्या डाळीत तसं नसतं. अव्हेन्यू सुपरमार्ट्सची अलाइन रिटेल ट्रेड्स नावाची उपकंपनी आहे, ती हा माल घाऊक घेऊन निवडून पॅक करते आणि तो दुकानांत जातो. मधला ब्रँड नाही, जाहिरात नाही, त्यामुळे भाव कमी ठेवूनही हातात थोडं जास्त उरतं. एमआरपीबद्दल एक सांगायचं राहिलं, तो कायद्याने जास्तीत जास्त भाव आहे, सगळे कर धरून. त्याच्यावर विकणं गुन्हा, खाली कितीही विका. पाकिटावरच वरची मर्यादा छापलेली असल्यामुळे "आम्ही स्वस्त देतो" हे डीमार्टला जाहिरात करून सांगावं लागत नाही, पाकीट आणि पट्टी शेजारी-शेजारी असतात, ग्राहक स्वतः वजाबाकी करतो. जाहिरातीवर त्यांचा खर्च नगण्य आहे तो यामुळेच.

मग कमाई कुठे होते? विक्रीतला साधारण ५७ टक्के भाग खाद्यपदार्थांचा, वीसेक टक्के साबण-डिटर्जंट-शॅम्पू वगैरे, आणि बावीस-तेवीस टक्के कपडे, भांडी, बादल्या, चादरी, खेळणी, बॅगा. पहिल्या दोन गटांत स्पर्धा जबर आणि मार्जिन कमी, तिसऱ्यात मार्जिन बरंच जास्त. बऱ्याच दुकानांत किराणा खाली आणि कपडे-भांडी वरच्या मजल्यावर असतात. माणूस येतो तूरडाळ आणि तेल घ्यायला, मुलांना घेऊन वर जातो आणि उतरताना ट्रॉलीत दोन टी-शर्ट, एक स्टीलचा डबा आणि पायपुसणं असतं. तूरडाळ त्याला दर महिन्याला दारात आणते आणि टी-शर्ट दुकान चालवतो. कोविडमध्ये याचंच उलटं झालं, जीवनावश्यक सोडून बाकी विक्रीवर बंदी आली, दुकानाच्या वेळा कापल्या, आणि एका चौरस फुटामागे वर्षाची विक्री २०१९-२० मध्ये ३२,८७९ रुपये होती ती २०२०-२१ मध्ये २७,३०६ वर आली. ती पुन्हा ३२,९०० च्या वर जायला २०२३-२४ उजाडलं.

पसरायची पद्धतही बघण्यासारखी आहे. एका भागात आधी दुकानांचा घोळका करायचा, मग शेजारच्या भागात जायचं, मधेच उडी मारायची नाही. भिवंडीसारख्या ठिकाणी मोठं वितरण केंद्र असलं की एकच ट्रक दोन-तीन दुकानांचा माल टाकून परत येतो, मॅनेजरही आसपासच्या दुकानांतूनच तयार होऊन नव्या दुकानात जातात. म्हणून महाराष्ट्रात शंभराहून जास्त दुकानं आहेत, मग गुजरात, तेलंगणा, कर्नाटक, आंध्र, आणि मार्च २०२५ पर्यंत बिहार-बंगालमध्ये एकही नाही.

शेअर बाजाराची गोष्ट थोडक्यात सांगतो कारण ती सगळ्यांना तोंडपाठ आहे. मार्च २०१७ चा आयपीओ, म्हणजे लोकांना पहिल्यांदा शेअर विकणं, २९९ रुपयांना, १,८७० कोटी उभे केले, शंभर पटीहून जास्त अर्ज आले आणि २१ मार्चला शेअर सहाशेच्या वर उघडला. त्या गडबडीत एक गोष्ट मागे पडली की त्यातले १,०८० कोटी कर्ज फेडायलाच होते. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये मोठ्या गुंतवणूकदारांना शेअर देऊन अजून ४,०९८ कोटी उभे केले, मालकांचा हिस्सा शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या नियमाप्रमाणे ७५ टक्क्यांवर आणायचा होताच. एकीकडे जमिनी घेत राहायचं आणि दुसरीकडे कर्जाचा बोजा वाढू द्यायचा नाही, हे जमलं ते या दोन वेळच्या पैशांमुळे आणि दरवर्षीचा नफा धंद्यातच घातल्यामुळे. लिस्ट झाल्यानंतर इतकी वर्षं त्यांनी लाभांश दिलेला नाही.

इतकं कौतुक केल्यावर दुसरी बाजूही सांगायलाच हवी. दुकानात जी माणसं खोके उचलतात, बिलं करतात, ट्रॉल्या गोळा करतात त्यातले बहुतेक कंत्राटी आहेत, कायम कर्मचाऱ्यांच्या कितीतरी पट. पंधरा रुपयांतला जो एक-एक रुपया वाचतो त्यातला काही भाग यांच्या कमी पगारातून आणि नोकरीच्या अनिश्चिततेतून येतो. दिवसभर उभं राहून बिलं करणाऱ्या मुलीला सणासुदीच्या गर्दीत बसायला स्टूलही मिळत नसेल तर त्या स्वस्ताईचा काही हिस्सा ती भरतेय हे आपण मान्य करायला पाहिजे. कोपऱ्यावरच्या वाण्याचंही तसंच. त्याला त्याच साबणावर वितरकाकडून मिळणारा भाव मोठ्या खरेदीदाराला मिळणाऱ्या भावापेक्षा जास्त असतो, कधीकधी मोठ्या दुकानातला विक्रीचा भाव आणि वाण्याचा खरेदीचा भाव सारखाच निघतो. याच तऱ्हेच्या भावातल्या फरकावरून, मोठ्या घाऊक कंपन्यांना स्वस्त आणि आम्हाला महाग का म्हणून, जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या वितरकांनी काही बड्या कंपन्यांचा निवडक माल उचलणं थांबवलं होतं. वाण्याकडे उधारीची वही आहे, ओळख आहे, पावशेर साखर द्यायची तयारी आहे, त्यामुळे तो टिकून आहे, पण महिन्याच्या यादीतली मोठी खरेदी त्याच्या हातून गेली हे खरंच आहे.

आणि आता डीमार्टच्याच हातून काहीतरी निसटायला लागलंय. ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्ट दहा-पंधरा मिनिटांत दारात सामान आणतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिमाहीचे आकडे देताना कंपनीने स्वतःच सांगितलं की मोठ्या शहरांतल्या, जास्त विक्रीच्या दुकानांवर ऑनलाइन किराण्याचा परिणाम स्पष्ट दिसतोय, आणि पुढच्या सोमवारी शेअर आठेक टक्के पडला. डीमार्टचंही ऑनलाइन आहे, डीमार्ट रेडी, २०१६-१७ पासून, पण तो भाग तोट्यात आहे. २०२४-२५ मध्ये नुसत्या मूळ कंपनीचा नफा २,९२७ कोटी होता आणि उपकंपन्या धरून २,७०७, मधला फरक मुख्यतः ऑनलाइनने खाल्ला.

हे अडतं कुठे ते समजणं महत्त्वाचं आहे. डीमार्टच्या दुकानात रॅकवरून वस्तू काढायचं, ट्रॉली ढकलायचं, पिशवीत भरायचं आणि घरी वाहून न्यायचं काम कोण करतं? ग्राहक, आणि फुकट. वर्षाला ३५ कोटींच्या वर बिलं होतात, सरासरी बिल सोळाशे रुपयांच्या आसपास. सोळाशेच्या बिलावर साडेचार टक्क्यांनी नफा होतो बहात्तर रुपये. तेच सामान कुणी पगारी माणसाने काढून, भरून, गाडीवरून पोचवायचं म्हटलं तर हे बहात्तर रुपये तिथेच संपले. डिलिव्हरीचे पैसे ग्राहकाकडून घ्यावेत तर स्वस्ताई गेली. म्हणून ते दहा मिनिटांच्या शर्यतीत उतरत नाहीत, आणि माझ्या मते बरोबर करतात. महिन्याची दहा किलो गव्हाची पिशवी आणि पाच लिटर तेलाचा डबा घेणारं कुटुंब अजून भाव बघूनच ठरवतं. धोका आहे तो मधल्या खरेदीला, महिन्याच्या पंधरा तारखेला संपलेला शॅम्पू आणि पाहुणे आल्यावर आणायची बिस्किटं, ती आता फोनवरून येतात.

या कंपनीकडे पुढे लक्ष ठेवायचं असेल तर नवीन दुकानं किती उघडली हा आकडा थोडा बाजूला ठेवा. २०२४-२५ च्या शेवटच्या तिमाहीत त्यांनी २८ दुकानं उघडली आणि बातम्याही त्याच्याच आल्या, पण नवं दुकान उघडलं की एकूण विक्री वाढणारच. बघायचं ते दोन वर्षं आणि त्याहून जुन्या दुकानांची विक्री किती वाढली ते. २०२३-२४ मध्ये ती ९.९ टक्क्यांनी वाढली होती, २०२४-२५ मध्ये ८.४ टक्क्यांनी. नोरोन्हांच्या जागी अंशुल असावा येणार हे जानेवारी २०२५ मध्येच जाहीर झालं, तेही युनिलिव्हरमधलेच, आणि त्यांच्या वाट्याला आलेलं मुख्य काम याच आकड्यात आहे. कारण जागा स्वतःची असल्यामुळे विक्री मंदावली तरी दुकान बुडत नाही, पण त्या जागेत घातलेला पैसा वसूल व्हायला लागणारी वर्षं मात्र वाढत जातात.